दाजींचं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, स्टेंट आहे. इंजेक्शन घ्यावं का? (नाशिक)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

प्रश्न माझ्या दाजींबद्दल आहे. वय ५२, राहायला सिडकोत, नोकरी सातपूर एमआयडीसीत, तीन पाळ्यांत. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, वजन ९४ किलो. स्टेंटनंतर काही दिवस बरे होते, मग थकवा आणि चिडचिड सुरू झाली. टीव्हीसमोर बसतात, पण बघत काहीच नाहीत. बाकीचं ताईने माझ्या बायकोच्या कानावर घातलंय, ते समजून घ्या.

दिवाळीच्या ऑफरमध्ये त्यांनी हेल्थ पॅकेज घेतलं. लॅबचा मुलगा दुपारी चारला आला आणि रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवून रक्त घेऊन गेला. टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) २४८ आलं, समोर ठळक अक्षरात 'लो'. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. जिमचा ट्रेनर म्हणतो, "काका, इंजेक्शनचा कोर्स करा, हार्टपण मजबूत होईल." ताईचे दीर म्हणतात, असल्या इंजेक्शनानेच अटॅक येतो. नेटवर दोघांच्याही बाजूने हवं तेवढं सापडतं. खरं काय? आणि दाखवायचं कोणाला?

पाथर्डीफाटा: ट्रेनरच्या हातून काहीही टोचून घेऊ नका. पुढचं जाणकार सांगतील.

गोदाकाठ: मेडिसिनमध्ये आहे, पण पेशंट न बघता औषध सांगणार नाही. रिपोर्टबद्दल मात्र बोलतो.

हा २४८ आकडा सध्या बाजूला ठेवा. हे हॉर्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं, जेवणानंतरही उतरतं. म्हणून तपासणी सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दोन दिवशी करतात. दाजींचं तर झोपेचं घड्याळच उलटं. पहिली पाळी लागू द्या, काही रात्री नीट झोप होऊ द्या, मग रक्त द्या. आजारपणात किंवा तापात देऊ नका. शिवाय वजन जास्त आणि शुगर असली की रक्तात हे हॉर्मोन वाहून नेणारं प्रथिन, एसएचबीजी, कमी होतं आणि टोटलचा आकडा त्यामुळेही खाली दिसतो. दोन्ही वेळा कमी आलंच तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही आणखी तीन हॉर्मोन्स बघून बिघाड वृषणात आहे की पिट्यूटरीत (मेंदूखालच्या ग्रंथीत) ते ठरवतात.

आता हृदय. ज्यांची पातळी फार कमी असते त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं. पण पोट सुटणं, मधुमेह, जुनाट आजार यांनी हॉर्मोनही घटतं आणि हृदयही बिघडतं. त्यामुळे कमी हॉर्मोन हे बहुतेकदा तब्येत बिघडल्याची खूण असते. आकडा वर नेला की हृदय सुधारतं, असं सिद्ध झालेलं नाही.

दिरांची भीती हवेतली नाही. २०१० मध्ये वयस्कर पुरुषांना टेस्टोस्टेरॉन देऊन घेतलेली एक चाचणी हृदयाचे त्रास वाढले म्हणून मध्येच थांबवावी लागली होती. नंतर मोठी 'ट्रॅव्हर्स' चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. ४५ ते ८० वयाचे ५,२००च्या आसपास पुरुष, सगळे हृदयरोगी किंवा तसा धोका असलेले, लक्षणं असलेले आणि दोनदा तपासून ३०० च्या खाली आलेले. अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू हे टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ७ टक्के, प्लासिबोवाल्यांत (औषध नसलेलं जेल) ७.३ टक्के. म्हणजे अटॅक वाढले नाहीत, पण कमीही झाले नाहीत. मात्र एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं), फुप्फुसात गुठळी आणि किडनीला इजा हे उपचार घेणाऱ्यांत जास्त आढळलं. आणि ते मोजूनमापून दिलेलं जेल होतं. जिमच्या कुपीतल्या मालाला हा निकाल लावू नका. त्या डोसने चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त घट्ट होतं. डॉक्टरी उपचारातही हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवतात.

ताईने जे सांगितलं असेल त्याबद्दल एकच: लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून अडथळा तिथे आधी जाणवतो. हे कार्डिओलॉजिस्टना संकोच न करता सांगा. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दाजींकडे असेल, तर मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल (व्हायग्रा) आणून घेऊ नये. दोन्ही मिळून बीपी धोकादायक उतरतं.

सोमेश्वरकर: दाजी घोरतात का? मला दोन वर्षं असाच थकवा होता, निघाला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबणं). आणि स्टेंटनंतर डिप्रेशन पुष्कळांना येतं, आपल्याकडे त्याला 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देतात.

गोदाकाठ: बरोबर, दोन्ही विचारून घ्या. आधी कार्डिओलॉजिस्ट, दुसरा रिपोर्टही कमी आला तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर). वजन उतरलं तर हे हॉर्मोन आपोआप काहीसं वाढतं, तेव्हा पायी फिरणं सुरू करायला रिपोर्टची वाट बघू नका. किती चालायचं ते कार्डिओलॉजिस्टना विचारा.

धागाकर्ता: खूप आभार. घोरण्याचं विचारलं तर ताई हसायलाच लागली, म्हणे भिंतीपलीकडचे शेजारी सांगतील. पुढच्या आठवड्यात त्यांना पहिली पाळी आहे, पण सातला कंपनीत हजर व्हावं लागतं. म्हणजे रक्त सुट्टीच्या दिवशीच द्यावं लागेल. सिडको किंवा इंदिरानगरकडे रविवारी सकाळी साडेसातला उघडणारी लॅब कोणाला माहीत आहे का? ट्रेनरला काय सांगायचं ते माझं मी बघतो.