‘आक्रोश’मधला लहान्या गप्प का राहतो? वर्गात मला उत्तर देता आलं नाही

सुरगाण्याची_पोर

नाशिकला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. घर सुरगाणा तालुक्यात. आम्हाला यंदा संघर्षाचे जुने सिनेमे दाखवले: ‘निशांत’, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’. प्रत्येकावर आपली प्रतिक्रिया लिहून द्यायची आहे. तीन लिहून झाल्या, ‘आक्रोश’पाशी अडले.

सिनेमा १९८० चा, गोविंद निहलानींचा पहिला. लहान्या भिकू या आदिवासी माणसावर बायकोच्या, नागीच्या, खुनाचा आरोप आहे. खून दुसऱ्यांनीच केलाय. कोर्टानं दिलेला वकील परोपरीनं विचारतो, पण ओम पुरीचा लहान्या तोंड उघडत नाही. वर्गात चर्चा झाली ती सगळी वकिलाची. तो कसा एकटा पडतो, त्याला कसा मार बसतो, वगैरे. एक मुलगी म्हणाली, “लहान्या बोलला असता तर वाचला असता. यांचं हेच असतं, बोलत नाहीत.” यांचं म्हणजे आमचं. मला उभं राहून काहीतरी म्हणायचं होतं. मी वही मिटली आणि बसून राहिले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मोबाईलवर तो सिनेमा बाबांना दाखवला. हिंदी त्यांना कळतं. अडीच तास मध्ये एकदाही उठले नाहीत. बापाच्या चितेपाशी लहान्या कुऱ्हाडीनं बहिणीलाच मारतो, तेव्हा त्यांनी मान फिरवली. नंतर म्हणाले, “बहिणीला मारायला नको होतं.” मी वर्गातली गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “मी बोललो होतो. कागदावर दुसरंच आलं.”

वनहक्काचा दावा होता आमचा. कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. बाबांनी सांगितलं, माझ्या बापाच्या हातापासून कसतो. लिहून घेणाऱ्यानं २००७ लिहिलं. अंगठा त्याच कागदावर घेतला. दावा फेटाळला गेला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा चालत गेला, त्यात बाबा होते. मी सातवीत होते. मोर्चाबद्दल विचारलं की ते फक्त कसारा घाटाचं सांगतात, उतारावर गुडघे कसे भरून आले ते.

माझा प्रश्न असा: बाबांचं हे वाक्य प्रतिक्रियेत घालू का? सूचना आहे की सिनेमाबद्दलच लिहा, घरचं आणू नका. पण त्या वाक्याशिवाय मला लहान्या कळलेलाच नाही.

निफाडचा_जुना_प्रेक्षक

पोरी, घाल. निःशंक घाल.

‘सामना’ आला तेव्हा, ७५ साली, मी विशीत होतो. आमचा भाग उसाचा. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील पडद्यावर आला आणि थिएटरात कुजबुज सुरू झाली. जो तो आपल्या गावातला माणूस त्याच्यात शोधत होता. निळूभाऊंनी तो वाईट म्हणून रंगवलाच नाही. गावात येऊन पडलेल्या मास्तरला घरात ठेवून घेतो, दारू पाजतो, मानानं वागवतो. आमच्याकडची सत्ता अशीच होती, हातात ताट देऊन गप्प करणारी. गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल मास्तर विचारत राहतो, “मारुती कांबळेचं काय झालं?” हे आम्ही कित्येक महिने एकमेकांना विचारत होतो. पण तू लिहिलेलं वाचून आज पहिल्यांदाच जाणवलं, की तो प्रश्न विचारायला मास्तर बाहेरून यावा लागला. ‘निशांत’मधला शिक्षक गावात नवा. ‘आक्रोश’चा वकीलही बाहेरचाच. तिन्ही पटकथा विजय तेंडुलकरांच्या. त्यांना कमी लेखत नाही, त्यांनी निदान विचारलं तरी. पण गावातल्या माणसाला काय विचारायचं होतं, ते तुझ्या वडिलांच्या वाक्यात आहे.

कॉलेजरोड_फिल्मवाली

वाक्य घालावं, पण एकट्या त्या वाक्यावर थांबू नये असं मला वाटतं. नाहीतर वाचणारा हळहळेल आणि सिनेमा बाजूला राहील.

ताई, दुसाने पुन्हा पाहा. अमरीश पुरींनी केलेला सरकारी वकील. तो स्वतः आदिवासी आहे, शिकलाय, कोर्टात खणखणीत बोलतो. रात्री त्याला फोनवर घाणेरड्या शिव्या येतात. त्याबद्दल तो बाहेर अवाक्षर काढत नाही. सगळे लहान्याच्या गप्प राहण्यावर बोलतात, दुसानेच्या गप्प राहण्यावर फार कमी लोक बोलतात. लहान्याला भाषेचा किंवा कायद्याचा अडसर असेल असं म्हणता येतं, याला तर तोही नाही. “बोलत नाहीत” म्हणणाऱ्या मुलीला उत्तर इथे आहे. आणि तुम्ही वही मिटून बसलात, तो क्षणही मला दुसानेच्या जवळचा वाटतो. चुकीचं वाटत असेल तर सांगा.

पंचवटीकर

‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ मिळवून बघ. १९६६ चा, पोंतेकोर्वोचा. फ्रेंच राजवटीविरुद्ध अल्जीरियातल्या अल्जिअर्स शहरात झालेली लढाई. बहुतेक सगळे नट हौशी, तिथलेच रहिवासी. सादी यासेफ तर त्या लढाईतलाच पुढारी, सिनेमात त्यानं जवळपास स्वतःचंच काम केलंय. बाहेरून येऊन प्रश्न विचारणारा कुणी नाही. लढणाऱ्यांची संघटना मोडून काढली जाते, सगळं संपलं असं वाटतं, आणि तीन वर्षांनी, १९६० च्या डिसेंबरात, गल्लीबोळांतून माणसं बाहेर पडतात. कुणी बोलावलं ते कळत नाही. मला तो शेवट पाहताना काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. मी त्याच्या जवळच राहतो. २ मार्च १९३० ला सुरू झाला, काही वर्षं चालला, दरवाजे उघडले नाहीत. पण माणसं येत राहिली.

सुरगाण्याची_पोर

सगळ्यांचे आभार. फिल्मवाली ताई, चुकीचं नाही वाटलं. दुसाने काल रात्री परत पाहिला. पहिल्यांदा मला त्याचा फक्त राग आला होता, आपला असून त्या बाजूला उभा म्हणून. काल तो फोन खाली ठेवतो तिथे मी थांबवून ठेवला होता, बराच वेळ. आता लेखाची सुरुवात त्याच्यापासून करतेय. लहान्या नंतर येईल.

निफाडचे काका, बाहेरून येणाऱ्याचं तुम्ही म्हणालात ते मी तीनही सिनेमांना लावून पाहिलं, त्याचा एक परिच्छेद झाला.

आज बाबांना फोन करून विचारलं, तुमचं वाक्य लिहू का? म्हणाले, “लिही. पण कुठल्या साली बोललो ते नीट टाक. मी सांगतो, तू लिहून घे.”