टोपणनावं राहू द्या, एफसबचं बघा

काहींनी असं सुचवलंय की x86 प्रोसेसरच्या एका ऑपकोडला (आज्ञेच्या अंकी संकेताला) एकच नाव ठेवावं आणि बाकीची टोपणनावं असेंबलरमधून (ही नावं यंत्रसंकेतात बदलणाऱ्या प्रोग्राममधून) काढून टाकावीत. मला नाही पटत. जेई (‘समान असेल तर उडी’) आणि जेझेड (‘शून्य असेल तर उडी’) दोन्ही ७४ (हेक्साडेसिमल) हाच बाइट देतात, पण तुलनेनंतर जेई आणि वजाबाकीनंतर जेझेड लिहिलं की वाचणाऱ्याला हेतू कळतो. सीडीक्यू आणि सीएलटीडी (एकाच आज्ञेचं इंटेलचं आणि एटी अँड टी कंपनीचं नाव) ही जोडीही तशीच. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा असेंबलर दोन्ही मुकाट घेतो.

खरा घोळ उलटा आहे: नाव एक, अर्थ दोन. एटी अँड टीच्या जुन्या सिस्टिम व्ही युनिक्सच्या असेंबलरमध्ये एफसब (अपूर्णांकी संख्यांची वजाबाकी) आणि एफसबआर (तीच वजाबाकी, उलट क्रमाने) यांची अदलाबदल झाली होती, तीही फक्त उत्तर एसटी(०) (अशा गणितासाठीच्या रजिस्टरांपैकी, म्हणजे प्रोसेसरमधल्या साठवण-जागांपैकी, पहिलं) सोडून दुसऱ्या रजिस्टरमध्ये जात असेल तेव्हा! एफडिव्हची (भागाकाराची) ही तीच गत. सुसंगततेपायी जीएनयूने ती चूक जशीच्या तशी ठेवली. इंटेलचं मॅन्युअल बघून एटी अँड टी पद्धतीने लिहिलंत तर असेंबलर हूं की चूं करणार नाही, वजाबाकीचं चिन्ह मात्र उलटं येईल. आता दुरुस्त करावं तर जुना कोड मोडतो. म्हणून अशा फायलीत मी सुरुवातीलाच इंटेलची नावं लागू करणारी डायरेक्टिव्ह (असेंबलरसाठीची सूचना) टाकतो.