मदत हवी आहे: किट निगेटिव्ह, भाऊ मात्र झोपत नाही

भांडुपकर: भाऊ नशा करतो का ते कळावं म्हणून मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणलं. सगळ्या खान्यांत दोन-दोन रेघा, म्हणजे निगेटिव्ह. दुसरं कुठलं आणू? लवकर सांगा, तो घरी यायच्या आत.

नाना_गिरगाव: वय काय त्याचं? घेतो काय? दारू, गांजा, गर्द (ब्राउन शुगर)?

भांडुपकर: ते माहीत असतं तर किट कशाला आणलं असतं! वय २४. रात्र रात्र जागतो, सारखे दात खातो, नाकातून रक्त येतं. पाकिटात बोटाएवढी झिपची पिशवी मिळाली, कोपऱ्यात पांढरी भुकटी चिकटलेली.

रात्रपाळी: हे आधी नाही का सांगायचं? एमडी वाटतंय, म्हणजे मेफेड्रोन, झोप उडवणारी नशेची भुकटी. मी नर्स आहे. साध्या किटमध्ये गांजा, अफू, कोकेन असल्या ठरावीक पट्ट्या असतात, त्यातून एमडी बहुतेक वेळा निसटतं. आणखी किटांवर पैसे घालवू नका, मानसोपचार ओपीडीत न्या. छातीत दुखलं, अंग तापलं किंवा 'कोणीतरी मागावर आहे' म्हणायला लागला, तर थेट कॅज्युअल्टी.

दादरचे_काका: विपश्यना! इगतपुरीला दहा दिवस. माझी सिगारेट सुटली.

रात्रपाळी: काका, ज्याला झोप नाही त्याला दहा दिवस मौनात बसवायचं?

दादरचे_काका: तुम्ही करून पाहिलंय का कधी? उगाच बोलायचं.

सह्याद्री७: पोलिसांत द्या, विकणारा तरी सापडेल.

कोर्टकचेरी: आणि आधी भाऊच आत जाईल. एमडी २०१५ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवन किंवा अल्प प्रमाणापुरतं कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मध्येच सोडले तर ते जाऊ शकतं.

नाना_गिरगाव: आमच्या वेळी गर्दने गिरणगावातली पोरं गेली. तेव्हा कुठलं किट नि कुठलं काय.

माहीमची_मावशी: दारू सोडायची पावडर आहे माझ्याकडे, चहातून द्यायची. कळतही नाही. व्यनि (खासगी निरोप) करा.

रात्रपाळी: मावशी, इथे दारूचा विषयच नाही. आणि चोरून दिलेलं ते औषध दारू पिणाऱ्याच्याही जिवावर बेततं.

भांडुपकर: चहात काही घालत नाहीये. तो ओपीडीत येणारच नाही, त्याचं काय?

रात्रपाळी: मग आधी तुम्ही एकटे जा, डॉक्टर घरच्यांशीही बोलतात. १४४४६ वर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. आज पिशवीवरून भांडण काढू नका, तो तारेत असेल तर अजिबात नाही.