मदत हवी आहे: लेक अजून पालथी पडत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागला राहतो. माझी लेक परवा चार महिन्यांची झाली. जन्माचं वजन २.८ किलो, साडेतीन महिन्यांच्या डोसला ५.५ भरलं. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात रेष वरच चालली आहे, त्यामुळे दुधाची चिंता नाही. मानही धरली आहे.

पण ती पालथी पडत नाही. कुशीवर येते, एक पाय पलीकडे टाकते, आणि खालचा हात अंगाखाली अडकला की रडायला लागते. सासूबाई म्हणतात, आमची सगळी तिसऱ्यातच पडली. मी वाचलंय की चार ते सहा महिन्यांत कधीही पडलं तरी चालतं. डॉक्टरही थांबा म्हणाले. तरी शेजारचं तिच्याच वयाचं बाळ दिसलं की जीव खालीवर होतो.

जागेपणी पोटावर ठेवते, तर मिनिटभरात नाक गादीत खुपसून रडते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती बहुतेक वेळ पलंगावरच असते. मऊ गादीमुळे जोर लावता येत नसेल का? खाली सतरंजी घालून ठेवावं का? छातीखाली टॉवेलची गुंडाळी कुणी वापरलीय? मालीशवाल्या मावशी पाय ओढून व्यायाम देतात, तो मला जरा जोराचाच वाटतो. बंद करावा का?

आणि नेमकं काय दिसलं तर न थांबता दाखवायचं? परळचं वाडिया हॉस्पिटल जवळच आहे. ज्यांची बाळं उशिरा पालथी पडली त्यांनी जरूर लिहा.