एम्स (आयोवा): गाव केवढं, राहायचं कुठे?

प्रश्न, जुळे सोलापूर: भाची ऑगस्टमध्ये आयोवा स्टेट विद्यापीठात चाललीय. गाव केवढं? गाडीशिवाय भागेल का?

उत्तर: २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६६,४२७. आपलं सोलापूर २०११ लाच साडेनऊ लाख होतं! लिंकन वे हा पूर्व-पश्चिम मुख्य रस्ता. पश्चिमेला कॅम्पस, पूर्वेला मेन स्ट्रीट ही बाजारपेठ. मधल्या सखल पट्ट्यातून ओढा जातो. १९९३ आणि २०१० च्या पुरात तिथंच पाणी शिरलं. त्याच ओढ्याजवळच्या साउथ डफ रस्त्याकडे स्वस्त खोली मिळाली, तर आधी पूरनकाशा बघा.

उत्तर: गाडी नको. सायराइड बस विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर फुकट. फक्त सुट्टीत फेऱ्या कमी होतात, म्हणून खोली कॅम्पसच्या पश्चिमेला, थेट बसमार्गावर बघा. भाडेकरार बहुधा ऑगस्टपासूनच सुरू होतात.

उत्तर: विमानतळ डि मॉइनला, दक्षिणेकडे साधारण ६० किमी.