मनीला गजकर्णच आहे का?

सेक्रेटरी: बी विंगच्या पार्किंगमधल्या मनीच्या कानामागे गोल चट्टा पडलाय, केस गेलेत. ए-२०२ च्या छोट्याच्या हातावर गजकर्ण उठलंय. मांजर आजच हलवायचं का? मत द्या.

सुलभाकाकू: हलवायचं म्हणजे कुठे??

निखिल ए-६०१: काल रात्री नोटा तपासायचा निळा दिवा मारला तिच्यावर. चट्टा चमकला! फंगस कन्फर्म 💯

मृणाल: निखिल, केस चमकले की कातडी?

निखिल ए-६०१: कातडी. पांढरट-पिवळी.

मृणाल: मग त्याला काही अर्थ नाही रे. कोंडाही चमकतो, मलमही चमकतं. डॉक्टर वुड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याखाली केसाचा दांडाच मुळापासून पोपटी चमकतोय का ते बघतात. तेसुद्धा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी असेल तर. गजकर्णाच्या बाकी बहुतेक बुरशी चमकत नाहीत, त्यामुळे दिवा कोरा गेला तरी सुटका नाही.

सुलभाकाकू: मलम मीच लावलं होतं गं. ह्यांची उरलेली ट्यूब 🙈

मृणाल: काकू, आता नका लावू. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. शिवाय ती चाटणार. आमच्या सिंबाला मीही पंधरा दिवस असंच मलम चोळलं. शेवटी डॉक्टरांनी कातडी खरवडून स्लाइड बघितली, तर डेमोडेक्सचे किडे! बुरशी नव्हतीच.

देशपांडेकाका: पूर्वी गंधक आणि खोबरेल चोळायचे, संपला विषय.

मृणाल: काका 🙏 आधी तपासणी. चट्ट्याच्या कडेचे केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघतात. बुरशीचे बीजाणू दिसले तर त्याच दिवशी कळतं. नाही दिसले तर कल्चर, म्हणजे बुरशी प्लेटवर वाढवून बघायची. नवा टूथब्रश मांजराच्या अंगभर फिरवून प्लेटवर टेकवतात. प्लेट पिवळी असते, ती लाल व्हायला लागते. पण नुसत्या लाल रंगावर जाऊ नये, साधी बुरशीही उशिरा लाल करते. रोज बघावं लागतं, वाढ पांढरी कापसासारखी हवी आणि शेवटी तीही मायक्रोस्कोपखाली.

सेक्रेटरी: किती दिवस?

मृणाल: दोन-तीन आठवडे. तोवर मनी माझ्या बाल्कनीत. हातमोजे घालीन, सिंबाला आत ठेवीन. पार्किंगमधलं तिचं पोतं मात्र टाकून द्या, केसांबरोबर गळलेले बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात.

ए-२०२ प्राची: एक सांगायचं राहिलं. स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. तर ह्यांना मांडीला महिनाभर आहे. बोलले नव्हते 😑 छोटा मनीला हातही लावत नाही.

देशपांडेकाका: मग हलवायचं कुणाला? 😄

सेक्रेटरी: मतदान रद्द.

सुलभाकाकू: मृणाल, टूथब्रश माझ्याकडे नवा आहे. मऊ चालेल की कडक?