३० चा बोर्ड आणि शाळेसमोरचे पट्टे

*बी-३०४:* विजापूर रोडवरून आपल्या गल्लीत वळलं की ड्रेनेजचं खोदकाम लागतं, तिथं ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेचा गोल बोर्ड लावलाय. संध्याकाळी सहानंतर कामगार नसतात. तेव्हा पण ३० च धरायचं का? दोन दिवस झाले, रात्री सगळे सुसाट जातायत तिथनं.

*ए-१०२:* काम बंद म्हणजे बोर्ड पण बंद, असंच धरतात की सगळे.

*सी-४०२:* नाही ओ, तसं नसतं. लाल कडेचा पांढरा गोल बोर्ड ही आज्ञा असते. तो पाळायलाच लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ बघा. कामाच्या ठिकाणची इशारा देणारी पाटी वेगळी, ती लाल कडेची त्रिकोणी, आत फावडं घेतलेला माणूस असतो. कामगार घरी गेले तरी खड्डा, पसरलेली खडी आणि अरुंद झालेला रस्ता तिथंच असतो. उलट रात्री धोका जास्त, कारण बाजूला झेंडी घेऊन उभा राहणारा माणूसही नसतो.

*ए-१०२:* पण काका, असा बोर्ड कुणीही आणून लावला तर? त्याला अधिसूचना लागत नाही का?

*सी-४०२:* वेग कमी करायचा अधिकार राज्य सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या प्राधिकरणाला असतो, कलम ११२ मध्ये आहे ते. एरवी त्याला राजपत्रात अधिसूचना लागते. पण निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर अधिसूचनेची गरज नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळं "गॅझेट दाखवा" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. शंका असेल तर आधी हळू जा, मग चौकशी करा.

*सी-२०१:* यात एक चूक रोज दिसते. लोक बोर्ड दिसल्यावर ब्रेक मारायला घेतात. बोर्डाशी पोचताना गाडी ३० वर *आलेली* असायला पाहिजे. म्हणजे पन्नासेक मीटर आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गिअर उतरवायचा, आरसा बघायचा. मागच्याला आपला ब्रेक लाईट वेळेत दिसला पाहिजे. आणि खोदकामाभोवती ठेवलेला शेवटचा ट्रॅफिक कोन (शंकू) मागं पडला म्हणून लगेच पळवायची नाही. मर्यादा संपल्याचा वेगळा बोर्ड असतो, पांढरा गोल आणि त्यावर तिरपा काळा पट्टा. तो लागेपर्यंत तोच वेग.

*डी-१०३:* दादा, टू-व्हीलरवाल्यांना पण सांगा. त्या खडीवर रोज कुणीतरी घसरतंय.

*सी-२०१:* हो वहिनी. खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होतं, फिरायचं थांबतं आणि हँडल हातातून सुटतं. वळताना दाबला तर गाडी आडवीच होते. खडी सुरू व्हायच्या आधी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक हळूहळू लावून वेग कमी करा, दुसऱ्या गिअरवर या आणि खडीवर नुसतं इंजिनवर गाडी जाऊ द्या. खड्ड्यावर टाकलेली लोखंडी प्लेट ओली असेल तर तिच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको.

*बी-३०४:* ३० आणि ५० मध्ये एवढा काय फरक पडतो? गल्लीच तर आहे.

*सी-४०२:* हिशेब मांडतो, शांतपणे वाचा. डोळ्याला दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद धरतात. ३० च्या वेगात तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर जाते, आणि कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटर. एकूण अठराच्या आत. ५० ला दीड सेकंदातच २१ मीटर जातात, मग ब्रेकचे १४, म्हणजे ३५. खडीवर ब्रेकचं अंतर आणखी दीड-दोन पट वाढतं.

आता समजा अठरा मीटरवर एखादं पोर रस्त्यात आलं. कोरड्या रस्त्यावर ३० वाला जेमतेम थांबतो. ५० वाल्याचा पाय ब्रेकवर पडायच्या आतच गाडी पोराला जाऊन धडकते, तीही पूर्ण ५० च्या वेगात. आणि वाचतं काय? खोदलेला भाग दीडशे मीटरचा आहे. तो ३० नं १८ सेकंदात पार होतो, ५० नं ११ सेकंदात. सात सेकंदांसाठी कशाला?

*डी-१०३:* पोराचं निघालंच म्हणून सांगते. शाळेसमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर कुणी थांबतच नाही. पोरं हात वर करून उभी असतात.

*सी-२०१:* वहिनी, तिथं सिग्नल नाही ना? मग थांबणं चालकाचंच काम आहे. पट्ट्यावर माणूस उतरला की त्याचा हक्क आधी. पट्ट्यांच्या आधी आडवी पांढरी रेघ असेल तर रेघेच्या अलीकडं थांबायचं, नसेल तर पट्ट्यांच्या अलीकडं. पट्ट्यांवर बंपर आणून "थांबलोय की" म्हणायचं नाही.

सगळ्यात वाईट प्रकार पुढचा आहे. एक कार थांबते, पोर तिच्या बोनेटसमोरून चालायला लागतं, आणि मागची मोटरसायकल "ही का थांबली" म्हणून बाजूनं ओव्हरटेक करते. कारच्या उंचीमुळं पोराला मोटरसायकल दिसत नाही, तिला पोर दिसत नाही. पट्ट्यांजवळ थांबलेल्या गाडीला कधीच ओव्हरटेक करायचं नाही. पोरांनाही शिकवा, पहिली गाडी थांबली तरी बोनेटच्या टोकाशी थांबून दुसऱ्या बाजूला वाकून बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

*ए-१०२:* समोरचा डिपर मारतो तेव्हा "जा" म्हणतो की "थांब"?

*सी-२०१:* आपल्याकडं बहुतेक वेळा "मी येतोय, थांब". त्यावर भरवसा ठेवून पट्ट्यांवर उतरू नका, गाडी खरंच थांबली का बघा. आणि चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावतात ते चूक. त्यानं वळायचा इशारा देताच येत नाही. ते बिघडून थांबलेल्या गाडीसाठी असतात.

*बी-३०४:* मग आपणच गेटसमोर सिमेंटचा ब्रेकर घालूया का?

*सी-४०२:* परवानगीशिवाय नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, साधारण २५ च्या वेगाला आरामात पार होतो. आपण घालतो तो फूटभर रुंद, टोकदार उंचवटा. त्यानं पाठीला दणका बसतो, रिक्षातल्या आजारी माणसाला त्रास होतो, आणि पांढरे पट्टे नसले तर रात्री गाडीवाला उडतो.

*डी-१०३:* मग करायचं काय?

*सी-४०२:* महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत अर्ज. मागण्या साध्या ठेवू: खड्ड्याभोवती रिफ्लेक्टर लावलेले बॅरिकेड, रात्री लुकलुकणारा दिवा, दोन्ही बाजूंनी आगाऊ सूचनेची पाटी, मर्यादा संपल्याचा बोर्ड, आणि शाळेसमोरचे पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवणे. आणि आपल्या बाजूचं पण करू. पट्ट्यांना लागून आपल्यातल्या दोन गाड्या रोज उभ्या असतात. त्यांच्याआडून येणारं पोर चालकाला दिसतच नाही. त्या आत घ्या.

*ए-१०२:* त्यातली एक माझी. आज रात्रीच आत घेतो.

*बी-३०४:* सकाळी सात वाजता खड्ड्याचे आणि पट्ट्यांचे फोटो काढतो. मेजर टेप कुणाकडं आहे?

*सी-२०१:* माझ्याकडं आहे. गेटवर या.